अवकाशयात्रेचा इतिहास मुलांना कसा सांगावा?



आजचा विषय ऐकून काहींच्या मनात एक शंका आली असेल. रॉकेटे, उपग्रह, चंद्र, मंगळ हा तर विज्ञानाच्या शिक्षकांचा प्रांत; इतिहासाचा प्राध्यापक त्यात कशाला शिरला? शंका रास्त आहे. परंतु या विषयाच्या नावात 'इतिहास' हा शब्द आहे, आणि माझी तक्रार आहे ती त्या शब्दाच्या वाट्याला येणाऱ्या उपेक्षेबद्दल.

आपण हा इतिहास मुलांना कसा शिकवतो, ते पाहा. पहिला कृत्रिम उपग्रह कोणता? स्पुटनिक. केव्हा? ४ ऑक्टोबर १९५७. अवकाशात गेलेला पहिला मानव? युरी गागारिन, १२ एप्रिल १९६१. पहिली स्त्री? व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा, जून १९६३. चंद्रावर पहिले पाऊल? नील आर्मस्ट्राँग, जुलै १९६९. पहिला भारतीय? राकेश शर्मा, एप्रिल १९८४. उत्तरे बिनचूक आहेत. मुलगा ती घडाघडा म्हणतो, शाबासकी मिळवतो, आणि परीक्षा संपली की विसरून जातो.

विसरतो, याचे मला फारसे दुःख नाही. दुःख आहे ते मनात काय उरते याचे. त्याच्या मनात उरते ते असे, की ही सारी कुणी जगावेगळी माणसे, दूरच्या देशांतली, मोठ्या शहरांतली. आपल्या वाडीचा आणि त्या आकाशाचा काही संबंध नाही. म्हणजे जो इतिहास शिकवून मुलाला बळ यायला हवे, तोच इतिहास त्याला दाराबाहेर उभे करतो. हे नुकसान लहान नाही.

यावर माझा उपाय साधा आहे. प्रत्येक नावाच्या आधी मुलांना विचारा, 'अडचण काय होती?' आणि प्रत्येक सनानंतर विचारा, 'हे कळलं कसं?' हे दोन प्रश्न धरून चालले, की यादीची गोष्ट होते आणि गोष्टीत आपल्यासारखी माणसे दिसू लागतात.

आरंभ मापापासून करावा. मुलांच्या मनात अवकाश म्हणजे 'लई लांब' एवढेच असते. एक मोसंबे आणा, साधारण साडेसात सेंटिमीटर व्यासाचे. ही आपली पृथ्वी. आता चंद्र केवढा घ्यावा? साधारण दोन सेंटिमीटरचे एक बोर पुरे. ते बोर मोसंब्यापासून किती लांब धरायचे, हे मुलांनाच विचारा. बहुतेक मुले वीतभर अंतरावर धरतील, कारण पुस्तकातल्या चित्रात तसेच असते. खरे अंतर आहे पृथ्वीच्या व्यासाच्या तीसपट. आपल्या मापाने सव्वादोन मीटर, म्हणजे पाच हात.

आणि ज्या अवकाशस्थानकात नोव्हेंबर २००० पासून माणसे पाळीपाळीने राहत आली आहेत, ते किती उंच? सुमारे ४०० किलोमीटर. मोसंब्याच्या मापाने हे झाले अडीच मिलिमीटरांच्या आत, म्हणजे जवळजवळ सालीच्या जाडीइतके! दूरचित्रवाणीचे उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरांवर असतात, म्हणजे मोसंब्यापासून वीतभर. मंगळ अगदी जवळ येतो तेव्हाही सव्वातीनशे मीटरांवर, म्हणजे दोन-चार शेते ओलांडून पलीकडे. सूर्य जवळजवळ नऊशे मीटरांवर. आणि १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे यान आजवर या मापाने दीडशे किलोमीटरांच्या घरात पोचले आहे. वर्गातून उठून मुलांना शाळेबाहेर घेऊन जा, आणि पावले मोजत मंगळापर्यंत चालवा. गागारिन सालीपर्यंत गेला, आर्मस्ट्राँग पाच हात गेला, आणि त्या पाच हातांसाठी केवढी धडपड करावी लागली, हे मुलांना पायांनी कळेल.

आता पहिली अडचण. वर फेकलेला दगड खाली येतो. मग उपग्रह का पडत नाही? इथे आपल्या मुलांजवळ एक साधन आहे, ते म्हणजे गोफण. जोंधळ्याच्या माळ्यावर बसून पाखरे राखणाऱ्याला ती माहीत असते. दोरी हातात आहे तोवर दगड गरगर फिरतो. दोरीचे एक टोक सुटले की तो सरळ रेषेत निघून जातो. वर्गात दगड मात्र घेऊ नका. दोरीला चिंधीचा गोळा बांधून दाखवा. उपग्रहाला बांधून ठेवणारी दोरी म्हणजे पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण.

पण मग तो फिरायला लागतो कसा? न्यूटनने याचे एक चित्र कल्पिले होते. उंच डोंगरावर तोफ ठेवली आहे आणि गोळा आडवा सुटतो. तो थोडा पुढे जाऊन पडतो. वेग वाढवला, आणखी पुढे पडतो. पडणारी वस्तू पहिल्या सेकंदाला सुमारे पाच मीटर खाली येते. आणि पृथ्वी गोल असल्याने दर आठ किलोमीटरला तिचा पृष्ठभागही सुमारे पाच मीटर खाली झुकतो. तेव्हा गोळा सेकंदाला आठ किलोमीटर वेगाने गेला, तर तो पडत राहतो आणि जमीनही खाली झुकत राहते. गाठ काही पडत नाही! उपग्रह पडत नाही असे नाही. तो सारखा पडतच असतो. हा वेग किती? मुंबईहून पुण्याला वीस सेकंदांच्या आत.

यावरून आणखी एक गैरसमज दूर करता येतो. अवकाशवीर तरंगतात ते वर गुरुत्वाकर्षण नसते म्हणून, असे पुष्कळांना वाटते. स्थानकाच्या उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास असतेच. यान आणि माणूस दोघेही एकाच वेगाने पडत असतात, म्हणून तो तरंगतो. एका जुन्या डब्याला तळाशी बाजूने भोक पाडा, पाणी भरा आणि भोकावरचे बोट काढा. धार लागेल. आता तोच डबा उंचावरून खाली सोडा. पडत असताना धार थांबते! कारण पाणी आणि डबा बरोबरच पडताहेत. या प्रयोगाला पैसा लागत नाही, आणि शंभर शब्दांपेक्षा मुलाला तो अधिक पटतो.

आता माणसांकडे वळू. या इतिहासातले जे नाव आपल्या शिक्षकांनी आधी सांगावे असे मला वाटते, ते आहे कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की. रशियातल्या एका खेड्यात १८५७ साली त्यांचा जन्म झाला. दहाएक वर्षांचे असताना तापाच्या आजारात त्यांची श्रवणशक्ती बहुतेक गेली. शाळा सुटली. पुढे मॉस्कोच्या ग्रंथालयात बसून त्यांनी स्वतःच गणित आणि पदार्थविज्ञान शिकले. परीक्षा देऊन ते शिक्षक झाले आणि बोरोव्हस्क व कालुगा या लहान गावांत गणित व पदार्थविज्ञान शिकवत राहिले. अवकाशात जायला रॉकेटच का हवे आणि त्याला किती इंधन लागेल, याचे गणित मांडणारा त्यांचा लेख १९०३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे अवकाशयुगाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक जण लहान गावातला शाळामास्तर होता! वर्गातल्या कमी ऐकू येणाऱ्या मुलाला मागच्या बाकावर बसवून आपण मोकळे होतो, तेव्हा हे नाव आपणच आपल्याला आठवून द्यावे.

त्या गणितातून काय निघाले? यान जितके वेगाने न्यायचे, तितके इंधन अधिक. आणि ते इंधन वाहून न्यायला पुन्हा इंधन. लांबच्या प्रवासाला निघालेल्या गाडीत सगळी वैरणच भरावी लागावी, तशी गत. म्हणून रॉकेटाचे टप्पे करतात; रिकामा झालेला टप्पा टाकून द्यायचा आणि पुढे जायचे. १९६९ साली चंद्राकडे निघालेले यान रॉकेटासह सुमारे २९०० टनांचे होते. परत समुद्रात उतरला तो डबा सुमारे पाच टनांचा.

दुसरे नाव रॉबर्ट गॉडर्ड. हे अमेरिकेचे. सतरा वर्षांचे असताना चेरीच्या झाडावर छाटणीसाठी चढले असता मंगळाकडे जाणाऱ्या यंत्राची कल्पना त्यांच्या मनात आली. द्रव इंधनावर चालणारे पहिले रॉकेट त्यांनी १६ मार्च १९२६ रोजी उडवले, तेही आत्याच्या शेतावर. ते अडीच सेकंद उडाले, साडेबारा मीटर उंच गेले आणि कोबीच्या वाफ्यात जाऊन पडले. एवढेच! त्याआधी १९२० साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्यांची थट्टा केली होती. पोकळीत ढकलायला हवाच नाही, मग रॉकेट पुढे जाईल कसे, हे शाळकरी पोरालाही कळते, असा त्या लिखाणाचा सूर होता. माणसे चंद्राच्या वाटेवर असताना, १७ जुलै १९६९ रोजी, त्या वर्तमानपत्राने आपली चूक छापून मान्य केली. तोवर गॉडर्डना जाऊन चोवीस वर्षे झाली होती. ही गोष्ट सांगताना मध्येच थांबा. एक फुगा फुगवा, तोंड न बांधता सोडून द्या, आणि विचारा, 'हा कशाला ढकलतोय? बाहेरच्या हवेला, की स्वतःच्या आतल्या हवेला?' मुलांना वाद घालू द्या. वाद झाल्यावर सांगा, की रॉकेट आपल्याच पोटातला वायू मागे फेकते आणि त्याच्या उलट स्वतः पुढे जाते. त्याला बाहेरच्या हवेची गरज नसते.

आता एक अवघड जागा येते. हा इतिहास सगळा उजळ नाही, आणि तो तसा करून सांगू नये. अवकाशाच्या सीमेपर्यंत पोचलेले पहिले मोठे रॉकेट जर्मनीचे व्ही-२. ते युद्धात शहरांवर डागण्यासाठी बनवले होते. ज्या छळछावणीतल्या बंद्यांकडून ते बनवून घेतले, तिथे हजारो माणसे मेली. त्याच विद्येचे जाणकार युद्धानंतर अमेरिकेत आणि रशियात गेले. स्पुटनिक ज्या रॉकेटावरून गेले ते मुळात अण्वस्त्र वाहून नेण्यासाठी बांधलेले होते. लहान मुलांना हे सांगण्याची घाई नको. पण आठवी-नववीच्या मुलांना अवश्य सांगावे. विद्या एकच, ती कोणाच्या हातात आणि कशासाठी, हा प्रश्न त्यांच्या वयाला झेपतो.

लहान मुले मात्र दुसराच प्रश्न विचारतात. नोव्हेंबर १९५७ मध्ये रशियाने लायका नावाची कुत्री अवकाशात पाठवली, असे आपण सांगतो, आणि पुढच्या बाकावरून आवाज येतो, 'गुरुजी, मग ती परत आली का?' इथे आपली परीक्षा असते. ती परत आली नाही. तिला परत आणण्याची सोयच त्या यानात नव्हती. यानातल्या उष्णतेने ती काही तासांतच मेली, हे जगाला २००२ साली कळले. हे मुलांना हळुवारपणे, पण खरे सांगावे. मूल थोडे रडेल. पण गुरुजी खोटे सांगत नाहीत, ही खूणगाठ ते मनाशी बांधील, आणि ती जन्मभर उपयोगी पडेल.

आपल्या देशाकडे येऊ. आपल्याकडच्या आरंभाची दोन चित्रे सर्वांच्या परिचयाची आहेत. एकात रॉकेटाचा भाग सायकलवरून चालला आहे. दुसऱ्यात उपग्रह बैलगाडीवर ठेवला आहे. ही चित्रे दाखवून आपण म्हणतो, 'पाहा, केवढी गरिबी होती, आणि आज कुठे पोचलो!' ऐकायला बरे वाटते. पण पहिला प्रश्न राहून जातो. अडचण काय होती?

केरळातल्या थुंबा या कोळ्यांच्या गावाची निवड झाली, कारण पृथ्वीचा चुंबकीय विषुववृत्त त्याच्या जवळून जातो. त्या पट्ट्यात वरच्या वातावरणात वाहणारा विद्युत्प्रवाह अभ्यासायचा होता. तिथल्या जुन्या चर्चची इमारत आणि आसपासची जमीन गावकऱ्यांनी आणि बिशपांनी या कामाला दिली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिले रॉकेट उडाले. ते रॉकेट अमेरिकन होते. कामाची जागा चर्च, वाहन सायकल. पण काम जगातल्या शास्त्रज्ञांना हवे असलेले.

आणि बैलगाडी? १९८१ साली सोडलेल्या 'ॲपल' या दळणवळणाच्या उपग्रहाच्या अँटेनाची मोकळ्या जागेत चाचणी घ्यायची होती. मोटारीच्या लोखंडी सांगाड्यामुळे रेडिओ-लहरींच्या मोजमापात घोटाळा होतो. लाकडी बैलगाडीत तो प्रश्न येत नाही. तेव्हा बैलगाडी ही लाचारी नव्हती. त्या चाचणीला तेच योग्य साधन होते! ज्या मुलाच्या घरी बैलगाडी आहे, त्याला हे कारण कळले, तर त्या चित्राकडे तो मान खाली घालून पाहणार नाही.

महाराष्ट्राचाही या कथेत वाटा आहे. जुन्नर तालुक्यात आर्वी येथे उपग्रहाशी बोलणारे भूस्थानक १९७१ साली सुरू झाले. त्याला विक्रम साराभाई यांचे नाव आहे. कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस हे साराभाईंचे सहकारी. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहावरून दूरचित्रवाणी पोचवण्याचा मोठा प्रयोग झाला, त्याची धुरा त्यांनी वाहिली. शेती, आरोग्य, शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम आणि प्राथमिक शिक्षकांचे विज्ञान-प्रशिक्षण, हे सारे त्यात होते. पुण्याचे वसंत गोवारीकर यांनी रॉकेटाच्या घन इंधनाच्या कामात मोठा भाग उचलला. ही नावे मुलांना परकी वाटण्याचे कारण नाही.

आता मी ज्या भागाला सर्वांत महत्त्व देतो, तो अपयशाचा. १० ऑगस्ट १९७९ रोजी आपले एसएलव्ही-३ हे रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडाले आणि बंगालच्या उपसागरात पडले. प्रकल्पाचे प्रमुख होते अब्दुल कलाम. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण-यंत्रणेतले द्रव गळून गेले होते, असे शोधाअंती निघाले. त्या दिवशी पत्रकारांसमोर संस्थेचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि जबाबदारी त्यांनी आपल्यावर घेतली. १८ जुलै १९८० रोजी पुढचे उड्डाण यशस्वी झाले, तेव्हा मात्र त्यांनी कलामांना पुढे पाठवले. ही आठवण कलाम अनेकदा सांगत. मुख्याध्यापकांनीही ती ऐकून ठेवण्यासारखी आहे.

पुढे ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चा विक्रम अवतरक चंद्रावर आदळला. त्या वेळी सारा देश हळहळला. पण हळहळीने यान उतरत नाही. चूक कुठे झाली, ते शोधले गेले. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा थोडा अधिक पडला, त्यातून चुका साचत गेल्या, आणि उतरायला जागाही फक्त पाचशे मीटर लांब, पाचशे मीटर रुंद एवढीच ठरवलेली. पुढच्या खेपेला पाय मजबूत केले, इंधन वाढवले, आणि उतरण्याचे क्षेत्र चार किलोमीटर लांब व सुमारे अडीच किलोमीटर रुंद केले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात नीट उतरले. मुलांना विचारा, 'दोन यानांमध्ये चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत लोकांनी काय केलं असेल?' या प्रश्नाचे उत्तर ज्याला सापडले, तो गणितात एकदा नापास झाला म्हणून शाळा सोडणार नाही.

चूक लपवली किंवा ऐकून घेतली नाही, तर काय होते, तेही सांगावे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले आणि सातही जण गेले. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ या इतिहास-नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिका होत्या. अवकाशातून त्या मुलांना धडे देणार होत्या. त्या दिवशी थंडी कडाक्याची होती. रॉकेटाच्या सांध्यांतली रबरी कडी थंडीत ताठरते, उड्डाण करू नका, असे काही अभियंत्यांनी आदल्या रात्री बजावले होते. ते मानले गेले नाही. पुढे चौकशीत रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने त्या रबराचा तुकडा दाबून धरून बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवला आणि दाखवले, की थंड रबर चटकन पूर्ववत होत नाही. एक पेला पाणी! 'हे कळलं कसं?' याचे याहून सोपे उदाहरण मला ठाऊक नाही. मॅकऑलिफ यांच्या जागी राखीव म्हणून निवडलेल्या बार्बरा मॉर्गन याही शिक्षिकाच. एकवीस वर्षांनंतर, ऑगस्ट २००७ मध्ये, त्या अवकाशात जाऊन आल्या.

'हे कळलं कसं?' हा प्रश्न आणखी एका कामाला येतो. हल्ली मोबाईलवर निरोप फिरतात, की माणूस चंद्रावर गेलाच नाही. मूल ते वाचून शाळेत येते. त्याला गप्प बसवू नका. पुरावा मागायला शिकवा. चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर पृथ्वीवरून प्रकाश टाकून आजही अंतर मोजता येते. तिथून आणलेले ३८२ किलो दगड-माती अनेक देशांच्या प्रयोगशाळांनी तपासली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनेही त्यातले नमुने अभ्यासले. आणि त्या वेळी अमेरिकेचा कट्टर प्रतिस्पर्धी रशिया डोळ्यांत तेल घालून पाहत होता. त्याने हे खोटे आहे असे म्हटले नाही. तसेच पुष्पक विमानाची कथा आवडीने सांगावी, कारण माणसाला उडावेसे किती जुन्या काळापासून वाटत आले आहे, ते तिच्यातून कळते. पण कथा ही कथा म्हणून सांगावी आणि इतिहास पुराव्याने सांगावा. दोन्हींची सरमिसळ केली, तर कथेची गोडी जाते आणि इतिहासाचा विश्वास जातो.

एक आक्षेप पालक घेतात, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. 'गावाला टँकरचं पाणी, आणि यांना चंद्र सुचतोय!' याला उत्तर द्यावे ते हिशोबाने. १९९९ साली ओडिशात चक्रीवादळाने सुमारे दहा हजार माणसांचा बळी घेतला. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर तसेच भयंकर वादळ आले, तेव्हा मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. हे एकट्या उपग्रहाने केले नाही. निवारे बांधले होते, लाखो माणसे आधी हलवली होती. पण वादळ कुठे येणार हे वेळेवर दिसले, म्हणून ती हलवता आली. तरीही पैसा कशावर खर्चावा हा प्रश्न राहतोच. तो वरच्या वर्गात वादाला ठेवा. दोन्ही बाजूंनी बोलू द्या. तोही इतिहासाचाच पाठ आहे.

शेवटी, शिक्षकमित्रांनो, या आठवड्यात करता येतील अशा दोन गोष्टी सुचवतो.

पहिली संध्याकाळची. सूर्य मावळल्यावर तासाभरात आभाळाकडे पाहावे. एखादा ठिपका न लुकलुकता, विमानासारखे दिवे न मिचकावता, पाच-सहा मिनिटांत आभाळ ओलांडून जातो. तो उपग्रह. डोंगराखालच्या वाडीत अंधार पडला तरी शिखरावर ऊन असते, तसे त्याच्यावर अजून ऊन आहे, म्हणून तो दिसतो. मध्येच विझल्यासारखा झाला, तर तो पृथ्वीच्या सावलीत शिरला असे समजावे. मुलांनी तारीख, वेळ आणि दिशा वहीत टिपून ठेवावी.

दुसरी शाळेच्या मैदानावरची. फक्कीने एक सरळ रेघ ओढा. एका टोकाला १९०३, त्सिओल्कोव्हस्की मास्तरांचा लेख. एक पाऊल म्हणजे एक वर्ष. एकशेविसाव्या पावलावर २०२३, चांद्रयान-३. मधल्या खुणा मुलांनी भराव्यात. १९२६ चा कोबीचा वाफा, १९५७, १९६१, १९६३ चे थुंबा, १९६९, १९७९, १९८०. आणि त्याच रेघेवर, दुसऱ्या बाजूला, आपल्या गावाच्या खुणाही मांडाव्यात. आपली शाळा केव्हा निघाली? गावात वीज केव्हा आली? आजीचा जन्म केव्हाचा? त्यासाठी मुलांनी घरोघर जाऊन विचारावे. जुलै १९७९ मध्ये अमेरिकेची 'स्कायलॅब' ही प्रयोगशाळा पृथ्वीवर कोसळणार, अशी बातमी आली होती. ती हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात पडली. पण आपल्याकडे गावोगाव लोकांची झोप उडाली होती. त्या दिवसांत कोणी काय केले, हे सांगणारे वडीलधारे आज घराघरांत आहेत. त्यांना बोलते करा आणि मुलांना ते लिहून घेऊ द्या.

आपला गाव आणि अवकाश एकाच रेघेवर आहेत, हे मुलाला दिसले की अर्धे काम झाले. रेघेचे पुढचे टोक मात्र मोकळे सोडा. तिथे खूण करू नका आणि कुणाचे नावही लिहू नका. मुले विचारतील, 'इथं काय लिहायचं?' त्यांना सांगा, ते अजून घडायचे आहे.